खेळाडू उठून गेला, खेळ चालू

२००१च्या अखेरीस 'एव्हरक्वेस्ट' या ऑनलाइन गेमचा 'शॅडोज ऑफ लुक्लिन' हा नवा भाग आला आणि त्यातून खेळाडूंना 'बझार' नावाची बाजारपेठ मिळाली. आपलं पात्र तिथं दुकानदार म्हणून उभं करायचं, माल मांडायचा, भाव लावायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची. अट एकच होती. पात्र गेममध्ये हजर असेल तोवरच दुकान उघडं. म्हणजे घरातला कॉम्प्युटर चालू हवा आणि इंटरनेट जोडलेलं हवं. लोक रात्रभर मशीन चालू ठेवून झोपायला जात आणि सकाळी उठून गल्ला मोजत.

त्यानंतर दीडेक वर्षात, २००३ मध्ये, 'ईव्ह ऑनलाइन' आला. त्यात पात्राला एखादं कौशल्य शिकायला लावलं की ते घड्याळाप्रमाणे शिकत राहायचं. काही कौशल्यांना तास लागत, काहींना आठवडे. कॉम्प्युटर बंद करून गावाला गेलात तरी शिक्षण थांबत नसे, कारण तिकडच्या सर्व्हरवर फक्त सुरुवातीची वेळ लिहिलेली असे.

दोन्ही गेम एकच सुख विकत होते: आपण नसताना आपलं काहीतरी वाढतंय. एकानं त्यासाठी खेळाडूची वीज वापरली, दुसऱ्यानं नुसतं घड्याळ. गेल्या वीसेक वर्षांत 'बॅकग्राउंडला चालणारे' म्हणून जे गेम आले ते या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी बसतात. त्यांचा आढावा घेताना माझा कल दुसऱ्या टोकाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. जो गेम आपलं मशीन रात्रभर जागं ठेवायला लावतो, त्याला बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

घड्याळाची युक्ती तशी अगदी सोपी आहे. रात्री साडेदहाला गेम बंद केला तेव्हा त्यानं वेळ लिहून ठेवली. सकाळी साडेसहाला उघडला. वजाबाकी आठ तास, म्हणजे २८,८०० सेकंद. दर सेकंदाला दहा नाणी मिळत असतील तर २ लाख ८८ हजार नाणी खात्यात जमा, आणि वर 'तुम्ही नव्हतात तेव्हा एवढी कमाई झाली' अशी पाटी. २०१४चा 'ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट' अशाच पाटीनं स्वागत करतो. रात्रभर कुठलंही लिंबू सरबताचं दुकान चाललेलं नसतं, प्रोसेसरनं बोटही हलवलेलं नसतं. बँकेत मुदत ठेवीवरचं व्याज कोणी रात्री जागून मोजत नाही, तसंच हे.

या युक्तीला अर्थातच पळवाट आहे. फोनचं घड्याळ दोन दिवस पुढं करायचं, गेम उघडायचा, कमाई घ्यायची. शाळकरी पोरांना हे कोणी शिकवावं लागत नाही. त्यावर उपाय म्हणून पुष्कळ गेम वेळ फोनला न विचारता स्वतःच्या सर्व्हरला विचारू लागले, आणि त्यापायी एकट्यानं खेळायच्या साध्या गेमलाही इंटरनेट लागायला लागलं. दुसरं बंधन कमाईच्या मर्यादेचं. अमुक तासांनंतर पेटी भरते आणि साठणं थांबतं. यामागं तांत्रिक कारण काही नाही. आठ तासांची वजाबाकी जमते तर ऐंशी तासांचीही जमते. तुम्ही दिवसातून दोन-तीनदा यावं, जाहिरात बघावी, जमलं तर पैसे खर्चावेत, एवढाच हेतू.

या सगळ्या प्रकाराची टर प्रकार रुळायच्या आधीच उडवली गेली होती. २००२ मध्ये एरिक फ्रेडरिकसन यांनी 'प्रोग्रेस क्वेस्ट' लिहिला. 'एव्हरक्वेस्ट'सारख्या गेममध्ये लोक तासन्‌तास त्याच त्या राक्षसांना मारत बसतात, त्याची ही नक्कल. सुरुवातीला पात्राचं नाव, वंश, पेशा निवडायचा. तिथं खेळाडूचं काम संपलं. पुढं पडद्यावर फक्त पट्ट्या भरत राहतात: राक्षस मारला, लूट विकली, पुढची पातळी गाठली. एकही बटण दाबायचं नाही. गंमत अशी की लोक हसले आणि मग तो खरोखरच चालू ठेवून बसले, आपलं पात्र यादीत वर कसं सरकतंय ते बघत.

तीच गत 'काऊ क्लिकर'ची. २०१० मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल'ची लाट होती. वेळेवर परत येऊन पीक काढलं नाही तर ते सुकून जायचं. इयन बोगोस्ट या प्राध्यापकांनी त्यावर टीका म्हणून एक गेम केला: एक गाय, आणि तिच्यावर दर सहा तासांनी एकदा क्लिक. बस्स. लोक टीका विसरून क्लिक करत राहिले. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी सगळ्या गाई नाहीशा केल्या, तर काहीजण गाईच्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले.

मग २०१३चा ऑगस्ट, आणि 'कुकी क्लिकर'. ज्यूलियाँ तिएनो या फ्रेंच तरुणानं ब्राउझरसाठी लिहिलेला. बिस्किटावर क्लिक करा, बिस्किटं मिळतात. बिस्किटं देऊन आजी विकत घ्या, आजी आपोआप बिस्किटं भाजते. मग शेत, खाण, कारखाना. हा गेम बॅकग्राउंडला ठेवण्याच्या कलेचा नमुनाच आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडं थांबायला हवं. टॅबच्या शीर्षकात बिस्किटांचा आकडा दिसत राहतो, म्हणजे दुसऱ्या टॅबमध्ये काम करत असतानाही नजर वर गेली की कळतं. अधूनमधून पडद्यावर सोनेरी बिस्किट उगवतं आणि थोड्याच सेकंदांत विरघळतं. ते टिपलं तर घसघशीत फायदा. म्हणजे गेम एकीकडे म्हणतो 'जा, तुझं काम कर', आणि दुसरीकडे पदर धरून ठेवतो. टॅब बंद केला तर सुरुवातीला काहीच मिळत नाही. पुढं एक सुधारणा विकत घेता येते, तिच्यामुळे बंद असतानाही उत्पादन चालतं, पण नेहमीच्या वेगाच्या ५ टक्के, तेही पहिला तासभर. नंतर त्याचाही दहावा हिस्सा. वजाबाकी जमत असूनही लेखकानं ती मुद्दाम कंजूष ठेवली आहे. टॅब उघडा ठेवणं हाच इथं खेळ आहे, आणि तो तसा असल्याचं गेम लपवत नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

ब्राउझरांना मात्र तो परवडला नाही. मागं पडलेले टॅब लॅपटॉपची बॅटरी खातात हे लक्षात आल्यावर ब्राउझर बनवणाऱ्यांनी लगाम आवळायला सुरुवात केली. चित्र हलवण्याचं काम मागच्या टॅबमध्ये थांबतंच, कारण बघायला कोणी नाही. हिशेबाचे टायमर सेकंदाला एकदाच, असा नियम जुनाच होता. मार्च २०१७च्या क्रोम ५७नं मागच्या टॅबला प्रोसेसरच्या एका कोअरचा सरासरी एक टक्काच द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२१च्या क्रोम ८८नं आणखी कडक केलं: पाच मिनिटं झाकलेल्या टॅबचे बहुतेक टायमर मिनिटाला एकदाच उठतील. आवाज वाजवणाऱ्या टॅबला यातून सूट मिळाली, नाहीतर गाणी ऐकणाऱ्यांनी कंपनीचं दार ठोठावलं असतं. गेम जागा राहावा म्हणून त्याचं संगीत चालू ठेवायची युक्ती तिथूनच निघाली. ज्यांनी आपला गेम 'दर टिकटिकीला एक बिस्किट' असा लिहिला होता, त्यांचे गेम मागं गेल्यावर रांगायला लागले. ज्यांनी गेल्या हिशेबापासून किती वेळ गेला ते मोजलं, त्यांना फरक पडला नाही. शेवटी ब्राउझरमध्येही वजाबाकीच टिकली.

डेस्कटॉपवर अशी सक्ती नाही. विंडोज मिनिमाइझ केलेल्या गेमला सहसा मारत नाही. थांबायचं की चालायचं ते गेमनंच ठरवायचं. युनिटी या गेम बनवायच्या साधनात काम करणाऱ्याला 'रन इन बॅकग्राउंड' नावाची एक चौकट दिसते. तिच्यात टिक नसेल तर दुसऱ्या खिडकीत गेल्याक्षणी गेम गोठतो. एका टिकेचा प्रश्न, पण कित्येक खेळाडू त्यापायी वैतागलेले असतात. 'माइनक्राफ्ट' जावा आवृत्तीत एकट्यानं खेळताना दुसऱ्या खिडकीत गेलं की विरामाचा पडदा येतो. रात्रभर आपोआप चालणारं शेत उभारणाऱ्यांना हे नको असतं. त्यांच्यासाठी एफ३ आणि पी ही जोडी आहे: एकदा दाबली की गेम मागं गेला तरी थांबत नाही. तरीही शेत चालतं ते पात्राच्या आसपासचंच. दूरचा मुलूख मेमरीतून काढून टाकलेला असतो. मग पात्राला शेताजवळ उभं करायचं, राक्षस पोचणार नाहीत अशी जागा बघायची, आणि स्वतः जेवायला जायचं. कीबोर्डपाशी नसणं म्हणजे एएफके. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी ते मराठीतही क्रियापद झालंय, 'मी एएफके केलंय' असं ती सर्रास म्हणतात.

उघड्या ठेवलेल्या गेमचा खरा खर्च विजेत आणि उष्णतेत जातो, आणि तो कुठं होतो हे पटकन ध्यानात येत नाही. साध्या मेनूच्या पडद्यावर ग्राफिक कार्डाला काम थोडं असतं. त्यामुळे त्याला आवरलं नाही तर ते तोच स्थिर पडदा सेकंदाला शेकडो वेळा रंगवत बसतं. जुलै २०१० मध्ये 'स्टारक्राफ्ट २' आला तेव्हा मेनूवर गेम सोडून गेलेल्यांची कार्डं तापून बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. तो बनवणाऱ्या ब्लिझार्डनं सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी घालायला सांगितल्या, मेनूला सेकंदाला ३० चित्रं आणि खेळाला ६०. अकरा वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ॲमेझॉनच्या 'न्यू वर्ल्ड'च्या चाचणीत काही महागडी ३०९० कार्डं जळाली, तेव्हा कार्डाच्या कंपनीनं आपल्या डागकामातला दोष मान्य केला; पण ॲमेझॉनलाही मेनूची चित्रगती बांधून टाकावी लागली. आता एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मागं गेलेल्या गेमसाठी वेगळी कमाल चित्रगती लावता येते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये ती सोय गेममध्येच आहे. ज्याला रात्रभर गेम ठेवायचाच आहे त्यानं निदान एवढं करावं.

आकडा मांडून बघू. खेळताना कार्डासकट ३०० वॅट ओढणारं मशीन आठ तास तसंच ठेवलं तर २.४ युनिट. महिनाभर रोज ठेवलं तर ७२. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढं वरचा टप्पा लागतो. घराचा मूळ वापर शंभराच्या आसपास असेल, तर हे सगळे ७२ युनिट वरच्या दरानं पडतात. चित्रगती दहावर आणून तेच मशीन १०० वॅटवर आलं तर ७२चे २४ होतात. पोराला गेम बंद कर म्हणून ओरडण्यापेक्षा हे सेटिंग करून दिलेलं बरं.

फोनवर सगळा मामलाच उलटा. तिथं मालक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचा गेमवर मुळीच विश्वास नाही. पहिल्या आयफोनावर होम बटण दाबलं की बाहेरच्यांनी बनवलेलं ॲप सरळ बंद व्हायचं. २०१०च्या आयओएस ४नं मागं राहायची मुभा दिली, पण ठरावीक कामांना: गाणी, नकाशा, इंटरनेटवरचे फोन. गेम त्या यादीत नव्हता. तो मागं गेला की काही सेकंदांत गोठवला जातो, आणि पुढच्या ॲपला मेमरी कमी पडली तर न विचारता काढून टाकला जातो. अँड्रॉइडनं आधी मोकळीक दिली, मग वर्षागणिक काढून घेतली: २०१५च्या ६.० आवृत्तीत फोन पडून असताना सगळ्यांना झोपवणारी 'डोझ', २०१७च्या ८.० मध्ये मागच्या कामांवर बंधनं, नंतर मागं पडलेली ॲपं थेट गोठवण्याची सोय. वर काही कंपन्या स्वतःची कात्री चालवतात ती वेगळीच.

आपल्याकडे हा प्रश्न बहुतेकांना भेटतो तो फोन आल्यावर. तीन-चार जीबी रॅमचा हँडसेट, 'बीजीएमआय' या ऑनलाइन लढाईच्या गेमचा डाव रंगात, तेवढ्यात मावशीचा फोन. उचलला, दोन मिनिटं बोललं, परत आलं तर गेम लोगोपासून सुरू. सिस्टिमनं त्याची मेमरी कॉल आणि बाकीच्या ॲपांना देऊन टाकलेली असते. सर्व्हरवर डाव मात्र थांबलेला नसतो. पात्र आहे तिथं पुतळ्यासारखं उभं, झोन जवळ येतोय. नवी मुंबईच्या गेमेशननं २०१६ मध्ये आणलेल्या 'लुडो किंग'सारख्या खेळात ऑनलाइन डावाला वेळ बांधलेला असतो, त्यामुळे फोनवर 'हो, हो, जेवलो' म्हणेस्तोवर आपली खेळी निघून जाते. फोन येणं तर आपल्या हातात नाही. रीसेंटच्या यादीत गेमला कुलूप लावणं, बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'निर्बंध नाहीत' निवडणं, बाकीची ॲपं आधी बंद करणं, हे उपाय लोक एकमेकांना सांगतात. त्यांनी थोडा फरक पडतो. गेमच दीड-दोन जीबी खात असेल तर कुठलंच कुलूप पुरत नाही. आणि 'रॅम बूस्टर' म्हणवणारी ॲपं टाकू नयेत; ती स्वतःच मागं बसून जागा अडवतात.

फोनच्या या कडक शिस्तीतून वाट काढली ती 'पोकेमॉन गो'नं. जुलै २०१६ मध्ये आला तेव्हा चाललेलं अंतर मोजायचं तर गेम उघडा आणि पडदा चालू ठेवावा लागे. लोक एका हातात फोन आणि खिशात पॉवर बँक घेऊन फिरत. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'ॲडव्हेंचर सिंक' आलं. फोन स्वतःच आरोग्याच्या ॲपसाठी पावलं मोजतो. गेमनं तो आकडा उघडल्यावर मागून घ्यायचा. गेम बंद, अंतर जमा. पुन्हा वजाबाकी, फक्त सेकंदांऐवजी पावलांची.

त्याच घराण्यातला जुलै २०२३चा 'पोकेमॉन स्लीप' मात्र बरोबर उलट्या दिशेला गेला. त्यात झोप हाच खेळ. गेम चालू करून फोन पालथा उशीजवळ ठेवायचा, चार्जरला लावायचा, आणि झोपायचं. तो रात्रभर अंगाची हालचाल आणि आवाज टिपतो, सकाळी झोपेचे गुण देतो. इथं मशीन जागं ठेवणं खरंच गरजेचं आहे, कारण मोजायची गोष्ट त्याच वेळी घडते. पण चार्जिंगला लावलेला, पालथा, गादीत रुतलेला फोन तापतो, आणि लिथियम बॅटरीला उष्णता आणि कायम शंभर टक्के भरलेलं राहणं, दोन्ही सोसत नाही. उशीखाली तर तो ठेवूच नये. खेळणाऱ्यांनी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लावून ठेवावी.

कोरियात खेळाडूला खेळायलाच लावू नये, इथवर मजल गेली. डिसेंबर २०१६चा 'लिनेज २ रिव्होल्यूशन' हा त्यातला गाजलेला. 'ऑटो' दाबलं की पात्र स्वतः रस्ता शोधतं, लढतं, बक्षीस उचलतं. खेळाडूनं पुढची तलवार कुठली घ्यायची ते ठरवायचं, म्हणजे बहुतेक वेळा पैसे भरायचे. पण हे ऑटो फोनवर गेम समोर उघडा असेल तरच चालतं. मग फोन टेबलावर चार्जरला लावलेला, पडदा मंद केलेला. कुणी ब्लूस्टॅक्ससारख्या एम्युलेटरवर कॉम्प्युटरमध्ये चार-चार खाती उघडून त्यांची चित्रगती पाडून ठेवतं. कुणी दूरच्या सर्व्हरवरचा 'क्लाउड फोन' भाड्यानं घेतं, म्हणजे आपला गेम खेळायला दुसऱ्याचं मशीन. पडदा बंद करून गेम चालू ठेवायची सोय आता काही फोनांच्या गेम मोडमध्येच आली आहे. माझ्या मते हा सगळा खटाटोप डिझाइनचा आळस आहे. जे पात्र न बघता लढू शकतं, त्याच्या लढाईचा निकाल सर्व्हरला एका ओळीत काढता येतो. तो काढत नाहीत, कारण हजेरीचे तास गुंतवणूकदारांना दाखवायला बरे पडतात.

तासांना किंमत आली की लबाडी येतेच. २०१३ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ट्रेडिंग कार्डं सुरू झाली. गेम चालू ठेवला की थोड्या थोड्या वेळानं एखादं कार्ड पडतं, ते बाजारात काही रुपयांना विकता येतं. लगेच 'आयडल मास्टर' नावाचा प्रोग्रॅम आला. तो गेम चालवतच नसे; डाउनलोडही लागत नसे. 'हा गेम चालू आहे' एवढंच तो स्टीमला कळवत राही. पुढची पायरी स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्वनं मे २०१७ मध्ये स्वतः जाहीर सांगितली: काहीजण कार्डांपुरते नकली गेम बनवत होते, त्यांच्या हजारो प्रती बॉटांना वाटत होते, आणि बॉट रात्रंदिवस ते 'खेळत' होते. तेव्हापासून खरे लोक खेळतायत अशी खात्री पटल्याखेरीज गेमची कार्डं पडत नाहीत. तरी २०२४ मध्ये 'बनाना' आलाच. पडद्यावर एक केळं, त्यावर क्लिक, आणि काही तासांनी विकण्याजोगं एक डिजिटल केळं. जूनमध्ये एकाच वेळी ८ लाखांहून जास्त खाती त्यावर होती. त्यांतली पुष्कळ बॉटांची.

साध्या खेळाडूला या तासांचा फटका दुसऱ्याच बाजूनं बसतो. स्टीमवर गेम आवडला नाही तर १४ दिवसांत पैसे परत मिळतात, पण खेळाची वेळ दोन तासांच्या आत हवी. मिनिमाइझ करून जेवायला गेलात, तर ते जेवणही खेळात धरलं जातं.

शेवटचा प्रकार उलट्या जातीचा: गेम बंद, पण त्याचं काहीतरी चालूच. अमेरिकेतल्या ईएसईए या स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीचं प्रकरण यातलं सगळ्यात निर्ढावलेलं. फसवणूक पकडण्यासाठी म्हणून खेळाडूंनी जे सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्यातून एप्रिल २०१३ मध्ये त्यांच्या नकळत बिटकॉइन खणले गेले. सुमारे १४,००० कॉम्प्युटर त्यात सापडले. खेळाडूंना कळलं ते कार्डं विनाकारण तापायला लागली म्हणून. त्याच वर्षी न्यू जर्सी राज्याबरोबर १० लाख डॉलरची तडजोड झाली.

'व्हॅलोरंट'बरोबर २०२० मध्ये आलेला रायट कंपनीचा 'व्हॅनगार्ड' हा फसवणूक पकडणारा प्रोग्रॅम तसा चोर नाही, पण तो विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच जागा होतो, त्या दिवशी खेळायचं असो वा नसो. फसवणुकीची साधनं गेमच्या आधी सुरू होतात, म्हणून पहारेकरीही आधी हवा, हे कंपनीचं म्हणणं. ते खोटं नाही. पण बँकेचे व्यवहारही त्याच मशीनवर करणाऱ्यानं हा पहारेकरी कायम ठेवायचा का, हे स्वतः ठरवावं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला की 'स्टार्टअप'च्या यादीत गेमांचे लाँचर कुठकुठले दबा धरून बसलेत ते दिसतं. तिथंच ते बंद करता येतात. व्हॅनगार्डचं चिन्ह घड्याळाशेजारी असतं. त्यावर राइट क्लिक करून त्याला घरी पाठवता येतं. पुन्हा व्हॅलोरंट खेळायचा तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागतो.